डब्यातले अकरा बोल्ट

दोन हजार तेवीस सालच्या जून महिन्यात, बहारीनमध्ये, हमद टाउनचं शेवटचं गोलचक्कर ओलांडून वाळवंटाच्या कडेला जो घोड्यांचा फार्म आहे, तिथलं बर्फ फेकायचं यंत्र मोडलं. ऐकणारा आधी हसतो. बहारीनमध्ये बर्फ दिसायचा तो मासळीबाजारात, पापलेटच्या पोटाखाली. पण यंत्र होतं आणि ते मोडलं, या दोन्ही गोष्टी खऱ्या.

फार्मच्या मालकाला सगळे अरबाब म्हणत, कुणी नुसतं बाबा. तो काही वर्षांपूर्वी मुलाला भेटायला कॅनडाला गेला होता. तिथं त्यानं ट्रॅक्टरच्या मागं जोडलेलं हे धूड पाहिलं. तोंडाशी पिळदार पात्यांचा लोखंडी रूळ, त्याच्या पाठीमागं पंखा आणि वर पत्र्याची सोंड. वाटेवरचा बर्फ गिळायचा आणि सोंडेतून घराच्या उंचीएवढा उडवून बाजूला फेकायचा. अरबाबच्या मनात आलं, बर्फ पांढरा आणि वाळू पिवळी, एवढाच काय तो फरक. त्याच्या फार्मवर शमाल वारा सुटला की उत्तरेच्या कुंपणाशी आणि घोडे पळवायच्या धावपट्टीवर रातोरात वाळूच्या राशी लागत. त्यानं एक जुनं यंत्र विकत घेतलं आणि जहाजानं मागवलं.

ते उतरलं तेव्हा सगळा तबेला हसला. हसला नाही तो एकटा गुंडू. तो चंदगडकडचा, साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या ओढत म्हातारा व्हायला आलेला ट्रॅक्टरवाला. त्यानं यंत्राभोवती दोनदा फेरी मारली, सोंडेवर थाप दिली आणि म्हणाला, "हत्ती हाय ह्यो. सवय लावली तर काम करंल." आणि त्यानं सवय लावली. ट्रॅक्टर उलटा, अगदी मुंगीच्या चालीनं न्यायचा, मान मागं वळवून. वाळू सोंडेतून कुंपणापलीकडे कारंज्यासारखी उडायची. दोन-तीन वर्षांत गुंडूची मान उजवीकडे जरा जास्तच वळायला लागली, पण धावपट्टी स्वच्छ राहिली. अरबाब पाहुण्यांना सांगायचा, "मशीन म्हणजे गुंडू, गुंडू म्हणजे मशीन." गुंडूच्या व्हिसावरही तेच होतं, ऑपरेटर म्हणून. तो व्हिसा सप्टेंबरात संपणार होता.

म्हणून जूनमध्ये हत्ती बसला तेव्हा गुंडूच्या बायकोला, रखमाला, पुढचं सगळं दिसलं. ती त्याच फार्मवर स्वयंपाकाला होती. तबेल्यातल्या माणसांचा भात आणि अरबाबच्या मजलिसमधला, म्हणजे बैठकीच्या खोलीतला, चहा तिच्याकडे. नवऱ्याचा व्हिसा गेला की खोली जाणार, खोली गेली की तिचं कामही जाणार, एवढा हिशेब तिला कुणी शिकवावा लागला नाही. सकाळचे सात वाजले असतील. ती कणीक मळत होती. खिडकीबाहेर हत्तीचा नेहमीचा घरघराट चालला होता. मग आत काहीतरी खडखडलं, एक दणका बसला, आणि दळणात दगड सापडावा तसा करकरीत आवाज येऊन सगळं गप्प झालं. ती पिठाच्या हातांनीच धावली. गुंडू यंत्रासमोर उकिडवा बसला होता. रुळाच्या पात्यांत एक घोड्याचा नाल अडकला होता, वाकून गेलेला.

"काय झालं हो?"

"गिअरबॉक्स फुटला वाटतं," गुंडू म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी हमद टाउनच्या गॅरेजमधून मुझम्मिल आला. तो लाहोरकडचा, पांढऱ्या दाढीचा मिस्त्री. त्याच्याबरोबर शहरातल्या सीफ भागातल्या अरबाबच्या ऑफिसमधून डॉमनिक आला. हा डॉमनिक वसईचा. अरबाबच्या सगळ्या कारभाराची खरेदी तोच बघायचा, घोड्यांच्या चाऱ्यापासून मजलिसच्या उशांपर्यंत. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं गोड. गुंडूला तो 'गुंडूदादा' म्हणायचा आणि रखमाला 'वहिनी'. आणि नेमकं हेच रखमाला खुपायचं. तिच्या मते खरेदी करणारा माणूस गोड बोलायला लागला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

रखमाचा स्वभावच तसा. भाजीवाल्याच्या काट्यावर ती कधी विसंबली नाही, पिशवी हातात तोलून बघायची. तिची सासू म्हणायची, "आमची सून देवाला निवद दावती आणि ताटावरनं नजर हालवत न्हाई, देवानं किती खाल्लं ते बघाया."

आणि डॉमनिकबद्दल तर तिच्याकडे पुरावा होता. हत्तीचा रूळ आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा एक बोल्ट असायचा. तो सारखा तुटायचा. वाळूत दगड आला, दोरखंडाचा तुकडा आला, घोड्याचा निसटलेला नाल आला, की टक्. रूळ थांबायचा. गुंडू खाली उतरायचा, घाम पुसत नवा बोल्ट घालायचा. बोल्टांचा खोका डॉमनिक पाठवायचा. फेब्रुवारीत एकदा रखमानं तुटलेला बोल्ट हातात घेऊन बघितला आणि तिला तो हलका लागला.

"फुटाण्यासारखे तुटत्यात," ती म्हणाली होती. "ह्यो डॉमनिक चांगल्या मालाचं बिल लावतो आणि हलका माल पाठवतो. वरचं कुठं जातं?"

"तुला काय करायचं हाय? तुटतो तर बदलतो मी."

"तुमी बदला. मी ठिवते."

तेव्हापासून तुटलेला प्रत्येक बोल्ट ती दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायला लागली. वेळ आली की अरबाबच्या पुढं डबा ओतायचा. मेच्या मध्यापर्यंत डब्यात अकरा बोल्ट झाले.

मग एका शुक्रवारी दोघं बसनं मनामाला गेली. तिथल्या नईम भागात राजन नावाच्या मल्याळी माणसाचं हार्डवेअरचं दुकान होतं. रखमानं तुटका बोल्ट त्याच्या काउंटरवर ठेवला.

"ऐसा चाहिए. लेकिन टूटने का नहीं."

राजननं बोल्ट उलटापालटा केला. गिऱ्हाईक बायकांना तो त्याच्या भाषेत चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. "चेची, ये कहाँ लगता है? किस काम का है?"

"तुम काम का मत पूछो. मजबूत दो. सबसे मजबूत."

राजननं खांदे उडवले आणि आतल्या खणातून डोक्यावर आकडे कोरलेले काळे, जड बोल्ट काढून दिले. ते घेऊन परतताना रखमाला फार बरं वाटलं होतं. वाटेत तिनं गुंडूला उसाचा रसही पाजला. त्यानंतर महिनाभर हत्ती एकदाही थांबला नाही. "बघा," ती म्हणायची, "माल चांगला असला की कसं असतं." आणि आता बरोबर महिन्याभरानं डॉमनिक शेडमध्ये उभा होता.

रखमा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मुझम्मिलनं गिअरबॉक्स उघडला. गुंडूला त्यानं तेलाचा डबा आणायला लांबच्या गोदामात पाठवलं. गुंडूची पाठ वळताच त्यानं काहीतरी खटपट करून बाहेर काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि डॉमनिकच्या हातात दिलं. डॉमनिकनं इकडंतिकडं बघून ते खिशात टाकलं. दोघं हळू आवाजात बोलले. मुझम्मिलनं मान हलवली, डॉमनिकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

'ठरलं यांचं,' रखमा मनात म्हणाली. 'मिस्त्री म्हणणार मशीन खलास, हा नवं आणणार. नव्याबरोबर नवा ऑपरेटर. आणि फडक्यातनं जे गेलं ते ज्याचं त्याला पोचलं.'

थोड्या वेळानं डॉमनिक पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात आला. काखेत फाइल होती आणि फाइलीतून नव्या यंत्रांची रंगीत पानं डोकावत होती.

"वहिनी, गार पाणी मिळेल का? काय ऊन आहे!"

तिनं तांब्या पुढं केला. "नवं घेणार म्हणं तुमी?"

"बाबांनी दोन्हीचे भाव मागवलेत. रिपेअर करायचं की नवं घ्यायचं, शुक्रवारी ठरेल. मुझम्मिल येईल, मी रिपोर्ट आणीन." त्यानं पाणी संपवलं आणि मग आवाज उतरवला. "एक सांगू? शेडमध्ये बोल्टबिल्ट काही पडले असतील ना, नवे-जुने, ते शुक्रवारच्या आत साफ करून टाका. बाबांच्या नजरेस उगाच काही पडायला नको."

"का?"

"असंच. आपली माणसं आहोत आपण, समजून घ्यायचं." आणि तो हसला.

रखमाही हसली आणि रिकामा तांब्या घेऊन आत वळली. पुरावा नाहीसा करायला सांगतोय, तेही माझ्याच तोंडावर! तिनं संध्याकाळी डबा तांदळाच्या पिंपात, आत खोल खुपसून ठेवला.

गुंडू त्या आठवड्यात निम्मा झाला. ताटावर बसायचा, दोन घास खाऊन उठायचा. एकदा म्हणाला, "रखमे, त्यो नाल अडकला तवा बोल्ट तुटाया पायजे हुता."

"तुटला न्हाई म्हणून तर बरं. एवढा चांगला बोल्ट."

"व्हय," तो म्हणाला, आणि ताट सरकवून उठला. तिला वाटलं, व्हिसाची काळजी. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी काय काळजी करू नका. शुक्रवारी बघाच."

शुक्रवारी दुपारची नमाज झाली आणि अरबाबची गाडी आली. मजलिसमध्ये एसी गारठवून ठेवला होता. अरबाब भिंतीला टेकून बसला, समोर डॉमनिक आणि मुझम्मिल, दाराशी गुंडू, हात बांधून. रखमा चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रेवर पेल्यांच्या मधोमध दूध पावडरचा डबा होता.

डॉमनिक रिपोर्ट वाचायला लागणार एवढ्यात तिनं डबा गालिच्यावर ओतला. अकरा मोडके बोल्ट खणखणत पसरले. मुझम्मिलचा हात पेल्याकडे जाता जाता थांबला. डॉमनिकचा चेहरा पांढरा पडला, आणि ते बघून रखमाला अधिकच जोर आला.

"बाबा, ये देखो. ये डॉमनिक भेजता है. सब टूटता है. कच्चा माल. इसके लिए मशीन खराब हुआ, मेरे आदमी का कुछ गलती नहीं. अब ये नया मशीन लाएगा, उसमें भी खाएगा."

अरबाबनं भुवया वर केल्या. "डॉमनिक? यह क्या है?"

डॉमनिकनं फाइल मिटली. तो रखमाकडे ज्या नजरेनं बघत होता ती तिला तेव्हा कळली नाही. चोर सापडल्यावर असा बघतो, असंच तिला वाटलं.

मुझम्मिलनं एक बोल्ट उचलला. तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. दुसरा उचलला, तिसरा. मग दाढीत बोटं घालून तो हळूच म्हणाला, "बीबी, यह माल तो ठीक है. इसको टूटना ही है. यह टूटता है ताकि गिअरबॉक्स बचे. पत्थर आया, यह मर गया, मशीन बच गई. इसका काम ही यही है."



रखमाला त्या थंडगार खोलीत एकदम वडिलांच्या गुऱ्हाळाचा वास आला, उकळत्या काकवीचा. ती सात-आठ वर्षांची. इंजिनाचा लांब कातडी पट्टा चरकावर फिरतोय. मोळीत दगड आला की पट्टा फटकन सुटून पडायचा, आणि गडी शिव्या द्यायचे, की अण्णा, पट्टा जरा ताणून बसवा की, सारखा सुटतोय. वडील म्हणायचे, "सुटू दे लेका. पट्टा सुटतोय म्हणून चरक वाचतोय." हे ती आयुष्यभर जाणून होती. पोरासोरांना गंमत म्हणून सांगतही आली होती. आणि नईमच्या दुकानात, डॉमनिकचा राग डोक्यात घेऊन उभी असताना, तिला ते आठवलं नव्हतं.

मुझम्मिल बोल्ट ओळीनं मांडत होता, आणि आता त्याच्या आवाजात नाइलाज होता. "ग्यारह. आखरी वाला कब टूटा?"

रखमा ट्रे सावरायला वाकली. उत्तर अरबाबनंच मागितलं. "कब?"

"मे," ती म्हणाली.

"और मे के बाद एक भी नहीं?" अरबाबला घोड्यांची चाल कळायची, तशी माणसांचीही कळायची. त्यानं डॉमनिककडे बघितलं. "अंदर कौन सा बोल्ट था?"

डॉमनिक म्हणाला, "बाबा, रिपोर्टमध्ये सगळं आहे. वाळूनं झीज झाली. मशीन जुनं आहे. रिपेअर होईल, मी रिपेअरच लिहिलंय." हे त्यानं अरबाबला हिंदीत सांगितलं, पण रखमाला ते आपल्या भाषेत ऐकू आलं. मी रिपेअरच लिहिलंय.

"कौन सा बोल्ट?"

रखमाला वाटलं, अजून गप्प बसता येईल. झीज झाली असं कागदावर आहे, रिपेअर असं कागदावर आहे, गुंडूचा व्हिसा त्या कागदात आहे. तिनं दाराकडे बघितलं. गुंडूची मान खाली गेली होती. आठवडाभर तो कशानं जेवत नव्हता ते तिला आत्ता, भर मजलिसमध्ये उमगलं.

"बाबा," ती म्हणाली, "मजबूत बोल्ट मैं लाया. नईम से. टूटे नहीं करके. मेरेको मालूम नहीं था."

"लगाया मैंने," गुंडू दारातून म्हणाला. "नाल फँसा, बोल्ट नहीं टूटा, तब समझा. डर गया, बोला नहीं."

अरबाबनं डॉमनिकपुढं तळहात धरला. "वो बोल्ट किधर है?" डॉमनिकनं खिशातून फडकं काढलं; आठवडाभर त्यानं ते जवळच ठेवलं होतं. त्यात तो काळा, जड, डोक्यावर आकडे कोरलेला बोल्ट होता, अखंड, साधा ओरखडाही नसलेला. अरबाबनं तो तळहातावर तोलला. मग मुझम्मिलला विचारलं, "बनेगा?"

"बनेगा, अरबाब. गिअर के दाँत लेथ पर काटूँगा. दो साल, तीन साल चलेगा. नया लोगे तो उसको भी रेत खाएगी. बरफ का जानवर है, रेत पे पाल रहे हो."

अरबाब पहिल्यांदा जरासा हसला. "बनाओ. गुंडू तुम्हारे साथ काम करेगा, जब तक बने. हाथ काला होगा तो याद रहेगा." मग हसू मावळलं. त्यानं रिपोर्ट घेतला, चार घड्या घातल्या आणि सही न करता डॉमनिकला परत दिला.

"जो गलती करके बोलता है, उसको मैं रख सकता हूँ," तो म्हणाला. "तुमको मालूम था और कागज पर दूसरा लिखा. अब तुम्हारा अगला कागज मैं कैसे पढूँ?"

"मिस्त्री को मैंने बोला था, उसकी गलती नहीं," डॉमनिक म्हणाला. रिपोर्ट त्यानं फाइलीत ठेवला. रविवारपासून फार्मची खरेदी दुसऱ्याकडे गेली.

त्या दुपारी गाडीत बसायच्या आधी डॉमनिक स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. रखमा पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

"दादा, मला आधी सांगायचं तरी," ती म्हणाली.

"सांगितलं होतं की. साफ करून टाका म्हणून."

"तसं न्हवं. खरं काय ते."

डॉमनिकनं फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. आणि गुंडूदादाला खरं सांगितलं असतं तर त्याला खोटं बोलता आलं असतं का? तुम्हीच सांगा." मग जाता जाता वळला. "वहिनी, दोन वर्षं तुमच्या हातचं पाणी पितोय. मी खाणारा दिसतो होय?"



गुंडू जुलैभर मुझम्मिलच्या गॅरेजमध्ये राबला. दुपारची सुट्टी सोडली तर दिवसभर लेथपाशी. सप्टेंबरात त्याचा व्हिसा वाढला. हत्ती उठला आणि आणखी दोन हिवाळे चालला, बोल्ट तोडत तोडत. मग वाळूनं त्याच्या पंख्याची पाती ब्लेडसारखी पातळ केली आणि पंचवीस साली अरबाबनं त्याला तबेल्याच्या मागं उभं करून एक लहान लोडर घेतला. तोही गुंडूच चालवतो. मान आता सरळ असते, पण बोलताना अजून उजवीकडेच वळते.

मुझम्मिल साठी उलटल्यावर लाहोरला परत गेला, नातवाला लेथ शिकवतोय म्हणे. नईमचा राजन अजून दुकानात आहे. बोल्ट कुठं लागणार हे कळल्याशिवाय तो खणाला हात लावत नाही, आणि गिऱ्हाईक चिडलं तर त्याला एका मराठी चेचीची गोष्ट ऐकवतो.

डॉमनिकनं सहा महिने सीफच्या ऑफिसात नुसती पत्रं टाइप केली आणि मग एका हॉटेलात स्टोअर सांभाळायला गेला. त्याची बायको नॅन्सी हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून घर टिकलं. त्या नाताळला रखमा त्यांच्या घरी गेली, केळीच्या पानात गुंडाळलेले पातोळे घेऊन. जिना चढून दाराशी बराच वेळ उभी राहिली. दार नॅन्सीनं उघडलं आणि ओळख विचारली. रखमा म्हणाली, "मी ती बोल्टवाली." आतून डॉमनिकचं हसणं ऐकू आलं. "येऊ दे गं, पण ट्रे तपासून घे," तो म्हणाला. तेव्हापासून दर नाताळला ती जाते. डॉमनिक तिला अजून वहिनीच म्हणतो, पण तिच्यासमोर पाण्याचा पेला ओठाला लावताना क्षणभर थांबतो, आणि ते थांबणं तिला दिसतं.

रखमा भाजी अजून हातात तोलूनच घेते. तो डबा मात्र तिनं गुंडूला देऊन टाकला. नव्या लोडरला असले बोल्ट नाहीत, तरी गुंडू तो शेडच्या फळीवर ठेवतो. त्याच्यावर झाकण नाही; आत काय आहे ते कुणालाही दिसतं.